गेमिंगसाठी मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन: तीस हजारांत काय काय बसवू? (सांगली)

कृष्णाकाठची
मंडळी, दोन वर्षं इथे नुसती वाचतेय. आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

भाऊ बेंगळुरूला जाताना त्याचा सीपीयू माझ्या गळ्यात घालून गेला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. नुसता डबा, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं त्याने उचलून नेलं. सध्या डबा हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडलाय आणि मालिकांच्या वेळेवरून घरात रोज तह करावे लागतात.

बजेट सगळं मिळून ३० हजार, फार तर दोन-तीन इकडे तिकडे. टेबल ४ फूट लांब, २ फूट खोल, भिंतीला लागून, उजवीकडे पश्चिमेची खिडकी. रात्री दहानंतर गोष्टीवाले, मोठ्या नकाशाचे गेम, शनिवारी भावासोबत व्हॅलोरंट आणि कॉलेजपासूनचं एज ऑफ एम्पायर्स २. शेजारची खोली सासूबाईंची, त्यांची झोप सावध. त्यामुळे कीबोर्डचा प्रश्न नाजूक आहे.

दुकानदार म्हणतो २७ इंच, भाऊ म्हणतो २४, यूट्यूबवाले म्हणतात ओएलईडी घ्या आणि किडनी विका. तुम्ही काय म्हणता?

भडंगवाला
पहिला! पोच दिली. सविस्तर नंतर.

गावभागकर
मुलगा कितवीला आहे? दहावी-बारावी असेल तर मॉनिटर सोडा, आधी त्या डब्याला कुलूप लावा.

कृष्णाकाठची
@गावभागकर, मुलगी आहे आणि दुसरीत आहे. खेळणारी मी आहे.

गावभागकर
माफी असावी वहिनी. धागा वाचला नव्हता, शीर्षक वाचलं होतं.

भडंगवाला
इथे धागा वाचून प्रतिसाद देणारा दाखवा आणि अर्धा किलो भडंग मिळवा.

लॅनकॅफे२००४
मी जुना खेळगडी, म्हणून जरा लांबण लावतो.

२००४-०५ च्या सुमारास आमचा अड्डा कॉलेजमागच्या एका कॅफेत असायचा. दहा मशिन, काउंटर स्ट्राइक, आणि सगळे मॉनिटर सतरा इंची जाडजूड काचेचे. ते ८५ हर्ट्झवर चालायचे. पुढे मालकाने हौसेने पातळ एलसीडी आणले, ते ६० हर्ट्झचे. सगळी पोरं म्हणायला लागली, ‘काका, माऊस जड झाला.’ माऊस तोच होता. गंमत आम्हाला फार उशिरा कळली.

हिशेब सोपा आहे. ६० हर्ट्झचा पडदा साधारण १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ चा ६.९ ला, २४० चा ४.२ ला. म्हणजे ६० वरून १४४ ला गेलात की एका चित्रामागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, आणि पुढे १४४ वरून २४० ला जायला पैसे मोजलेत तर तीनही पूर्ण वाचत नाहीत. पहिली उडी डोळ्यांना कळते. दुसरी उडी ज्यांना कळते ती पोरं बक्षिसाच्या रकमेसाठी खेळतात. तुम्ही १४४ ते १८० च्या पट्ट्यात थांबा.

आणि खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’वर जाऊ नका. शेजारी बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलेलं असेल तर तो आकडा मागचा दिवा उघडझाप करून काढलेला असतो. ती सोय चालू केली की पडद्याचा उजेड कमी होतो आणि काही जणांचं डोकंही दुखतं.

पुणे३०
आकार आणि रिझोल्यूशन एकत्र बघायचं असतं, सुटं नाही. १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) २४ इंचात घेतलं तर इंचाला ९२ पिक्सेल पडतात. तेच २७ इंचात ताणलं की ८२, आणि मग अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. २७ घ्यायचा तर १४४०पीच (२५६० बाय १४४०), तिथे १०९ पडतात. दुकानात ‘२७ इंच, गेमिंग, फक्त अकरा हजार’ अशी पाटी दिसली की समजा १०८०पी आहे. आमच्या पुण्यात हे शेंबडं पोर पण सांगेल.

मिरजकर_जंक्शन
तुमच्या पुण्यात शेंबडी पोरं बरीच दिसतात.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून विरोधी मत. ४०६० ला ८ जीबीच मेमरी आहे. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. पावणेदोन पट काम. आजचे मोठे गेम सगळ्या सेटिंग वर ठेवून १४४०पी ला ओढताना हे कार्ड धापा टाकतं. माझ्याकडे हेच कार्ड आहे, २४ इंच १०८०पी वर मजेत आहे. नऊ-साडेनऊ हजारांत चांगला आयपीएस पॅनेलचा मॉनिटर येतो, उरलेल्या पैशांत बरी खुर्ची घ्या. कंबर एकच असते.

पुणे३०
@अजिंक्यतारा, डीएलएसएस विसरलात. १४४०पी ला ‘क्वालिटी’ लावलं की कार्ड आतून १७०७ बाय ९६० एवढंच चित्र काढतं आणि बाकीचं वाढवतं. १०८०पी वर तीच गोष्ट ७२० वरून सुरू होते. म्हणजे कार्डाचे कष्ट १०८०पी एवढेच आणि चित्र मात्र २७ इंचावर जास्त स्वच्छ. शिवाय कार्ड चार-पाच वर्षांत बदलतं, मॉनिटर आठ-दहा वर्षं राहतो. बैल बदलतात, गोठा तोच राहतो.

अजिंक्यतारा
ज्या गेमात डीएलएसएस नाही तिथे काय करायचं? आणि मेमरी भरली की अडखळतंच, आतून कितीही चित्र काढा.

पुणे३०
टेक्स्चर एक पायरी खाली घ्यायचे. ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ शेजारी ठेवून ओळखून दाखवा, कंदी पेढे मी देतो.

अजिंक्यतारा
पेढे साताऱ्यात मिळतात हो, ते तुम्ही कुठून देणार? पण मुद्दा अर्धा मान्य.

आण्णा_वायरमन
ताई, मला गेममधलं काय कळत न्हाई. पोरगा खेळतोय, तेवढीच वळख. पण तीस वर्सं वायरिंग करतोय म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, अर्थिंग तपासून घ्या. डब्याच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि मुंग्या आल्यागत चिमटा बसला तर अर्थिंग न्हाई. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतंय पण तिसऱ्या भोकाला मागं वायरच नसतीय. ही डझनावारी बघितलीत.

दुसरी, लाईट. वैशाख-जेठात वळीव आला की आपल्याकडं दिवसात दहादा लाईट मिचमिचतीय. घरात इन्व्हर्टर असंल तर मागं बटण असतंय, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’. ते ‘नॉर्मल’वर असलं तर लाईट गेल्यावर पंखा चालतो पर कॉम्प्युटर एकदा बंद पडून उठतो. ‘यूपीएस’वर टाका.

हळदबाजार
अण्णांचा प्रतिसाद सोन्याच्या भावाचा. त्यात भर: स्वतंत्र यूपीएस घेत असाल तर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट यात गल्लत नको. दुकानातला ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. तुमचं कार्ड ११५ वॅटचं, प्रोसेसर ६५ चा, वर मॉनिटर आणि पंखे. चालेल, पण बॅटरी वर्षभराने दमली की शटडाऊन करायलाही वेळ मिळत नाही. १००० व्हीए घ्या.

गावभागकर
इलेक्ट्रिकचा विषय निघालाच आहे तर पाण्याचाही काढतो. आम्ही तळमजल्यावर. २०१९ ला आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझा अख्खा सेट पाण्यात होता. कीबोर्डमधून नंतर गाळ काढला, अक्षरशः चमच्याने. आता घरात नियम आहे: ४० फूट झाले की सीपीयू आणि मॉनिटर माळ्यावर, ४५ झाले की आम्ही माळ्यावर. मॉनिटरचं मूळ खोकं आणि थर्माकोल टाकून देऊ नका. वर चढवायला तेच लागतं.

भडंगवाला
हा मुद्दा जगातल्या कुठल्याही रिव्ह्यूत मिळणार नाही.

सेवानिवृत्त_कोरेगाव
मी काय म्हणतो, तीस हजारांची मुदत ठेव केली तर? शिवाय या गेमिंगवर सरकारने बंदी आणली असं पेपरात वाचलं. चांगल्या घरच्या सुनेने बेकायदा कामात कशाला पडायचं?

कृष्णाकाठची
काका, मी बँकेतच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुदत ठेवी करते म्हणून तर रात्री खेळावंसं वाटतं. आणि ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्यात उलट मान्यता दिली आहे. मी पैसे लावत नाही, नुसती हरते.

बाकी सगळ्यांचे आभार. २७ इंच टेबलावर बसेल का? दोन फुटांत डोळ्यांवर येईल अशी भीती वाटते.

पुणे३०
२७ इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद, २४ चा ५३. फरक वीतभरही नाही. जागा खातो तो स्टँड. पाय पुढे आले की पडदा वीतभर पुढे येतो. मागे चार स्क्रूंची भोकं, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची, आहेत का बघा. असली तर दीड-दोन हजारांच्या हाताने पडदा भिंतीलगत ढकलता येतो.

इस्लामपूरकर
पॅनेलबद्दल कोणी बोललंच नाही. पश्चिमेची खिडकी आहे, पण खेळ रात्रीचा. मी रात्रीच्या काळोखाच्या मोहात व्हीए पॅनेलचा घेतला (यूपीएसच्या व्हीएशी याचा संबंध नाही), वक्र. काळा रंग खरंच काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट. पण अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की काजळ पुसल्यासारखा काळा ओघळ मागे राहतो. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला, डॉक्टरकडे जाऊन आलो. नंबर तोच होता. साध्या किमतीतल्या व्हीएचा हा स्वभावच.

आयपीएसला अंधारात कोपरे पांढुरके दिसतात, पण ते सवयीने विसरायला होतं. मागे एक छोटा दिवा लावला की झालं. ‘एचडीआर ४००’ची (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवायच्या सोयीची) पट्टी बघून हजार रुपये जास्त देऊ नका, त्यासाठी पडद्याचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करता यावा अशी अटच नाही.

विट्याचा_सराफ
आणि कुठून घ्यायचा? मी शहाणपणा करून पुण्याला तपकीर गल्लीत गेलो, दीड हजार वाचवले, स्वारगेटहून एसटीने खोकं मांडीवर घेऊन आलो. कराडच्या पुढे मागच्या सीटवरचे आजोबा झोपेत पुढे आले ते थेट खोक्यावर. घरी लावला तर उजवीकडे हिरवी उभी रेघ. कंपनी म्हणाली, फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही. आजोबांना काय बोलणार, त्यांनी उतरताना मला भडंगाची पुडी दिली.

भडंगवाला
बघा, भडंग सगळीकडे कामाला येतं.

मिरजकर_जंक्शन
त्यापेक्षा सांगलीतच घ्या आणि दुकानात चालू करून बघा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा पडदा लावायचा आणि मेलेला पिक्सेल शोधायचा. एकदा घरी नेलात की एका ठिपक्यासाठी बदलून मिळत नाही. माझ्याकडे मधोमध एक हिरवा ठिपका आहे, तीन वर्षं झाली. आता नेम धरायला तोच वापरतो.

हळदबाजार
दुकानदार ‘जीएसटी कमी झाला म्हणून खास भाव’ म्हणाला तर हसून ऐका. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्के झाले ते ३२ इंचांवरचे. २७ इंचांवर आधीपासून १८ च आहे. मला हे सांगून एकाने ‘सवलत’ म्हणून माऊसपॅड दिलं, त्याची किंमत बिलात होती.

तंबोरा
मी मिरजेचा. गाण्यातला माणूस, गेम फारसे खेळत नाही, पण हेडफोनवर बोलायचा हक्क समजतो.

खोक्यावर ‘७.१ सराउंड’ लिहिलेले बहुतेक हेडफोन आत दोनच स्पीकरचे असतात. बाकीचे पाच-सहा कल्पनेतले. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कान ठरवतो तो दोन कानांत पोचायच्या वेळेतल्या आणि जोरातल्या किंचित फरकावरून. त्याला नीट स्टिरिओ पुरतो. त्यावर जादा खेळ करणारं सॉफ्टवेअर चढवलं की पावलांचा आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा होतो.

आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर तारेखाली दोरा ठेवतात. केसभर सरकला तरी सूर उघडतो नाहीतर मिटतो. तो फरक ज्या हेडफोनमध्ये ऐकू येतो तो तुमच्या पावलांनाही चालेल. दुकानात तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघा. दुकानदार वेड्यात काढेल, काढू द्या. ब्लूटूथ मात्र नको, गोळी सुटलेली दिसते आणि आवाज मागून वरातीसारखा येतो.

लॅनकॅफे२००४
तंबोऱ्याने मॉनिटरच्या धाग्याचा षड्ज लावला. आणि ताई, लहान मुलगी घरात आहे तर कान पूर्ण बंद करणारे घेऊ नका. मागून उघडे असतात ते घ्या, बाहेरचं ऐकू येतं.

इस्लामपूरकर
कीबोर्ड: निळे स्विच म्हणजे कटकट, लाल म्हणजे सरळ खाली जाणारे, तपकिरी म्हणजे मधे बोटाला हलकी ठेच. सासूबाईंचा विचार करता लाल किंवा तपकिरी. उजवीकडचे आकडे नसलेला, ८७ बटणांचा घ्या, माऊस फिरवायला वीतभर जागा मिळते.

हळदबाजार
आकडे नसलेला? बँकेतल्या बाईला? पाप लागेल.

अजिंक्यतारा
सातशे रुपयांच्या साध्या रबरी कीबोर्डवर मी चार वर्षं खेळतोय. मेकॅनिकल ही हौस आहे, गरज नाही. एकच बघा, तीन-चार बटणं एकदम दाबली तर सगळी लागतात का. स्वस्तातल्यांत पळता पळता उडी मारायला गेलं की तिसरं बटण गिळलं जातं.

माऊसवर मात्र कंजुषी नको. डीपीआयचे (माऊस किती संवेदनशील त्याचे) पंचवीस हजार वगैरे आकडे सोडा, लोक ८०० आणि १६०० वरच खेळतात. हाताच्या मापाचा घ्या. माझा आधीचा दीड वर्षात एका टिचकीला दोन टिचक्या द्यायला लागला. सर्व्हिस सेंटर पुण्याला, जायचा-यायचा खर्च माऊसएवढा. आता बिलासकट लोकल दुकानातून घेतो.

कृष्णाकाठची
(तीन आठवड्यांनंतर)

घेतलं! हिशेब देते, बँकेची सवय. २७ इंच १४४०पी १८० हर्ट्झ आयपीएस १८,४००. मेकॅनिकल कीबोर्ड, ८७ बटणांचा, तपकिरी, ३,२००. माऊस १,९००. मागून उघडा हेडफोन २,९००. १००० व्हीए यूपीएस ५,४५०. एकूण ३१,८५०. दुकानात पाच रंग लावून ठिपके शोधले, तंबोऱ्याचं रेकॉर्डिंगही लावलं. दुकानदाराने खरंच वेड्यात काढलं. अर्थिंग खरंच नव्हतं. अण्णा, तुमचे पाय कुठे आहेत?

आता तक्रार. चित्र सुंदर आहे, पण त्या १८० हर्ट्झचा मला टीव्हीपेक्षा तसूभरही फरक कळत नाही. अकरा दिवस खेळतेय. माझे डोळे म्हातारे झालेत की तुम्ही सगळे मिळून मला फसवलंत?

लॅनकॅफे२००४
केबल कुठली लावलीय? आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’त हर्ट्झचा आकडा किती दिसतो?

कृष्णाकाठची
केबल टीव्हीचीच, एचडीएमआय. खोक्यात दुसरी एक होती, ती थर्माकोलमध्येच आहे. गावभागकरांनी खोकं टाकू नका म्हटलं म्हणून सगळं तसंच माळ्यावर ठेवलंय.

आकडा... ६०.

भडंगवाला
अरारारा.

लॅनकॅफे२००४
माळ्यावर चढा. ती डिस्प्लेपोर्टची केबल. एक टोक मॉनिटरला, दुसरं ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे डब्याच्या मागे खालच्या आडव्या भोकांत. वरच्या उभ्या भोकांत लावलीत तर चित्रच येणार नाही, ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. मग तिथेच आकडा १८० करा, विंडोज आपणहून करेलच असं नाही. एनव्हिडियाच्या सेटिंग पॅनेलमध्ये जी-सिंकची (पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) खूण करा. मॉनिटर फ्रीसिंकचा (एएमडीची तशीच सोय) असला तरी २०१९ पासून बहुतेकांवर चालतं. गोष्टीवाल्या गेमात ७०-८० फ्रेम पडल्या तरी चित्र फाटणार नाही. आणि मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल भराभर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर. सगळ्यात वर नेलंत की हलणाऱ्या वस्तूंमागे पांढरी सावली येते.

पुणे३०
आणि माऊसचा पोलिंग रेट १००० आहे का तेही बघून घ्या. १२५ वर असला तर दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, १००० वर दर एका मिलिसेकंदाने.

कृष्णाकाठची
नवरा शिडी धरून उभा होता, मी रात्री सव्वाअकराला माळ्यावर. केबल बदलली, आकडा १८० केला.

नुसता माऊसचा बाण फिरवून दहा मिनिटं बघत बसले. माऊस हलका झालाय हो, काका.

लॅनकॅफे२००४
कॅफेच्या मालकाला आज उचकी लागली असेल.

अजिंक्यतारा
अभिनंदन. १४४०पी बद्दल मी हरलो असं समजू नका, वर्षभराने विचारतो.

इस्लामपूरकर
सासूबाईंचं काय झालं? तपकिरी सहन झाला का?

कृष्णाकाठची
त्याचीच गंमत सांगायला आले होते. तिसऱ्या रात्री दार ढकलून आल्या. मला वाटलं, आता बोलणी. त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सरक जरा.’ निवृत्तीपर्यंत कोर्टात टायपिस्ट होत्या, हे मला माहीत होतं, पण बोटं अजून तशी चालतात हे माहीत नव्हतं. पडद्याकडे बघून टायपिंग चाललेलं, कीबोर्डकडे एकदाही नजर नाही. दोन ओळी केल्या आणि तोंड वाकडं केलं. ‘याला आवाजच नाही. अक्षर उमटलं की नाही बोटाला कळणार कसं?’

म्हणजे आता निळे स्विच हवेत, आणि ते मी नव्हे, त्यांनी मागितलेत. शिवाय मराठी टायपिंग त्यांना जुन्या रेमिंग्टनच्याच मांडणीत हवंय, दुसरं काही नको. विंडोजमध्ये ते कसं बसवायचं?

गावभागकर
वहिनी, हा विषय वेगळा आहे. नवीन धागा काढा. शीर्षकात ‘सासूबाईंसाठी’ असं लिहा म्हणजे यावेळी गोंधळ होणार नाही.

भडंगवाला
तिथेही पहिला मीच.